रडकं कॅरल

आज संत्रं सोलताना मी माझं लाडकं, रडकं कॅरल लावलं आणि थेट मयूर विहारातल्या पहिल्या नाताळात पोचले.

घरोघरी गाणाऱ्या आमच्या मराठी मंडळींशी भांडून मी, नवी नवरी, हेच गायलं होतं. डोळे मिटून, मान वाकडी करून, स्वतःवरच खूश! समोरच्या दारातून पंजाबी आंटी धावत आल्या. "बेटा, कौन गुज़र गया?"

सगळे फिसकन हसले. मी फणकाऱ्याने निघालेच होते, पण आंटींनी हातात सोललेलं संत्रं ठेवलं. "मायके की याद आ रही है ना? फिर से गाओ."

मी गायले. आवाजावर त्या भाळल्या, असंच समजत होते वेडी!

"आजी, यार, काहीतरी हॅपी लाव ना," नात कुरकुरली.

तिला संत्रं दिलं आणि आवाज वाढवला.