झाकलेला अंगठा

माझी भक्ती भित्र्या माणसाची आहे. बरं चाललं की देव आठवत नाही, दुखलं-खुपलं की लगेच नवस. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि सांगली जिल्ह्यातून थेट लखनौला आले. हे इथे बाजारात सोनं गाळायचं काम करतात. गेल्या साली यांच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला. मी रोज देव्हाऱ्यापुढे बसायचे, पण मनात यायचं, गावचा देव आपला, एवढ्या लांबचं त्याला ऐकू जात असेल का?

गोळ्या सुरू झाल्या, खोकला कमी झाला. तेवढ्यात यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक सुजलं. भट्टीवरच्या माणसाची बोटं कायम भाजलेली, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. मी हळदीचं पोटीस बांधत राहिले. ठणका एवढा, की शर्टाचं बटण लागेना. "डॉक्टरांना दाखवू या," म्हटलं, तर म्हणाले, "अगं, ते छातीचे डॉक्टर. त्यांना अंगठा दाखवू?" आणि स्वतःच हसले. तपासणीला गेलो. डॉक्टरांनी खोकल्याचं विचारलं, आम्ही खोकल्याचं सांगितलं. अंगठा खिशातच राहिला.

इकडचा ज्येष्ठ आपल्या आधी लागतो. त्यातल्या मंगळवारी मारुतीच्या नावाने रस्तोरस्ती भंडारे असतात. अलीगंजच्या एका मांडवात आम्ही रांगेत उभे राहिलो. यांनी डावा हात पुढे केला. वाढणाऱ्या आजी थांबल्या. "अरे भैया, बजरंगबली का प्रसाद है, दाहिना हाथ निकालो! जेब में बहू का हार छिपाए हो क्या?" मागची रांग हसली. यांनी चिंधी बांधलेला हात बाहेर काढला.

आजींचं हसू थांबलं. "ये क्या हुआ, बेटा?"

"जल गया है, अम्मा."

"कब?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. कधी भाजलं, ते आम्हा दोघांनाही आठवेना.

मला रडू फुटलं. आजाराचं सगळं सांगून टाकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तो डॉक्टर से काहे छिपाए हो? जाओ, सब दिखाओ." आणि त्याच हातावर बुंदी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दाखवलं. एक्स-रे झाला, सुई घालून तपासलं. तोच आजार अंगठ्याच्या हाडात उतरला होता. असं फार क्वचित होतं, पण वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. बोटाला रेडिएशनचा शेक दिला, गोळ्या बदलल्या. हळूहळू ठणका गेला, सूज उतरली.

त्या भंडाऱ्यानंतरच्याच मंगळवारी मी आजींच्या पाया पडायला गेले होते, तर तिथे मांडवच नव्हता. नावही विचारलं नव्हतं. त्या कोण होत्या, याचा मी खल करत नाही. आजार गेलेला नाही, तपासण्या चालू आहेत, भीतीही आहे. पण देवाकडे मागायला जाताना जे दुखतं तेच मी झाकून नेत होते, एवढं कळलं. आता सगळं उघडं करून त्याच्यापुढे ठेवते. पुढचं त्याच्याकडे.

यंदाच्या ज्येष्ठात मंगळवारच्या भंडाऱ्याला यांनी कुणी न सांगता उजवा हात पुढे केला. बुंदी कढत होती. "भाजतंय गं," म्हणाले आणि हसले. हात मात्र मागे घेतला नाही.