डांबर टाळणारे साडू

पृथ्वीवर डांबर ओतलं ही मनुष्यजातीची सर्वांत मोठी चूक आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि ते म्हणजे माझे साडू. गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते पशुधन पर्यवेक्षक होते. घर संभाजीनगरात, दवाखाना देवगाव रंगारीच्या बाजूला आणि आजारी जनावरं त्याच्याही पलीकडच्या वस्त्यांवर. त्यामुळं त्यांनी रस्त्यावर आणि रानात, दोन्हीकडं चालणारी एक उंच मोटरसायकल घेतली होती. तिच्या टायरवर रबराचे जाड चौकोनी ठोकळे असत. गॅरेजवाले त्याला बटन टायर म्हणतात. हे ठोकळे मऊ मातीत लई दिवस टिकतात आणि तापल्या डांबरावर मेणासारखे झिजतात, हे साडूंना कळलं त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

क्रांती चौकात सिग्नलला सगळे पुढं बघत असत, साडू मान वळवून मागच्या टायरकडं. शहर संपलं की ते गाडी रस्त्याखाली घेत आणि कडेच्या मातीतून, बाभळी चुकवत जात. वैजापूरला एका लग्नाला ते असेच पोचले, तेव्हा पंगती उठत आल्या होत्या. पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटलेली, पण चेहरा समाधानी. "डांबर निम्मंसुद्धा लागलं नाय," त्यांनी मला कानात सांगितलं. त्या लग्नाला माझी मेहुणी एस.टी.नं आली होती. मागं कुणी बसलं की मागचा टायर मधोमध झिजतो, असं साडूंचं म्हणणं होतं, आणि मेहुणीनं त्यावर वाद घालणं लग्नानंतर दोनेक वर्षांतच सोडून दिलं होतं.

खिशात काडेपेटीतली एक काडी असे, तिच्यावर शाईची खूण. चहाला थांबले की ती काडी दोन ठोकळ्यांच्या फटीत उभी करायची, खूण किती बुडते ते बघायचं आणि सुस्कारा टाकायचा. कुणी तब्येत विचारली तर ते टायरची सांगत. पंक्चरवाल्याला, एस.टी.च्या ड्रायव्हरला, एकदा तर मी शिकवतो त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही त्यांनी विचारलं होतं की असा टायर किती चालावा. प्रत्येकानं वेगळं सांगितलं आणि साडूंची काळजी तितक्या पटीनं वाढली. शेवटी त्यांनी नवा टायर आणून ठेवला, पण बसवला नाही. जुना फुटेल म्हणून एक धास्ती, आणि आठवडाभर आधी बदलला तर तेवढा आठवडा वाया गेला म्हणून दुसरी.

अशातच एका रविवारी ते आमच्याकडं जेवायला आले होते. आदल्या दिवशी पाऊस झालेला. पहिली पोळी संपायच्या आत फोन वाजला. देवगावच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांची वस्ती होती, तिथल्या सोजरबाईची गाय सकाळपासून अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आला होता. साडू हात धुऊन उठले. त्यांचा मदतनीस रजेवर होता. मला म्हणाले, "मास्तर, मागं बसा. एकट्यानं वासरू वढलं जात नाय."

मी मागं बसलो आणि पहिल्यांदाच त्यांनी गाडी डांबराच्या मधोमध घेतली. एवढ्या वेगानं त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. त्या मागच्या टायरचा मधला भाग गुळगुळीत झालाय, हे महिनाभर मीच रोज ऐकत होतो. म्हणून आता प्रत्येक वळणावर मी मान वाकवून त्याच्याकडं बघे. साडूंची नजर मात्र पुढं रस्त्यावर होती. काळजी करायचं काम जणू त्यांनी माझ्याकडं सोपवलं होतं.

देवगाव ओलांडून वस्तीच्या वाटेला लागलो. काळ्या मातीचा नुसता राडा होता. चाकं चिखलानं भरली, गाडी आडवी सरकली आणि आम्ही दोघं वाटेकडेच्या चारीत पडलो. गाडी उचलून जरा पुढं गेलो असू, तेवढ्यात मागून फटफट आवाज यायला लागला. दगडानं टायर चिरला होता. वस्ती समोर दिसत होती, पण चिखलातून पायी जायचं तर पाऊण तास मोडला असता.

"टायर गेला," मी म्हणालो.

"जाऊ द्या. घट्ट धरा."

त्या बसक्या चाकावर त्यांनी गाडी तशीच रेटली. रबराचे तुकडे मागं उडत होते. मीच वळून वळून बघत होतो, त्यांनी एकदाही बघितलं नाही.

गाय आडवी पडली होती आणि सोजरबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. साडूंनी खांद्यापर्यंत हात घालून दुमडलेला पाय सरळ केला, दोर बांधला आणि ते सांगतील तेव्हाच मी ओढायचं, असं ठरलं. वासरू बाहेर आलं, पण हललं नाही. सोजरबाईनं तोंडाला पदर लावला. साडूंनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, पुन्हा फिरवली. गवताच्या बोळ्यानं त्याची छाती चोळली. मग वासरू शिंकलं.

"जगलं व्हय, डाक्टर साहेब?" बाईनं विचारलं.

"जगलं. गाईला गूळपाणी पाजा," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. परत आले ते वासराशेजारी मातीतच बसले.

गेल्या साली साडू निवृत्त झाले. गाडी वैजापूरच्या एका शिक्षकाला दिली. तो न्यायला आला तेव्हा साडू आणि मी त्यांच्या फाटकाशी उभे होतो. गाडी वळणाआड गेली. साडू म्हणाले, "चला मास्तर, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारू." ते माझ्या शेजारून चालू लागले तेव्हा मला नवल वाटलं. इतकी वर्षं साडू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ते त्या उंच गाडीवरच येत. चालताना त्यांचं डोकं जेमतेम माझ्या खांद्याला लागत होतं. मी पावलं जरा आवरती घेतली.