तिच्या तोंडून

तिसरीतली ती मुलगी काही सांगेना. घरात तिच्याशी काहीतरी वाईट घडतंय, एवढाच संशय होता. तात्पुरती ती मावशीकडे राहत होती. बोलली नाही, तर पुन्हा त्याच घरी जाणार होती.

पौडहून साध्या कपड्यांतल्या पोलीस बाई ताम्हिणीला आमच्या शाळेत आल्या आणि सतरंजीवर तिच्या शेजारी बसल्या. "माझं चुकलं तर सांगायचं हं. तू पाचवीत ना?"

"न्हाई, तिसरीत."

"बरं झालं सांगितलंस." मग अर्धा तास नुसत्या शेळ्यांच्या गप्पा. एकदा विचारलं की बाई गप्प बसत, घड्याळाकडे बघत नसत. मी तिची वर्गशिक्षिका, माझा संशय घरातल्या तिच्या काकावर; मला राहवेना. "अगं, काकाचं सांग की!"

मुलीने मान खाली घातली ती घातलीच.

मला बाहेर नेऊन बाई शांतपणे म्हणाल्या, "नाव तिच्या तोंडून येऊ दे, मॅडम. आपण ते तिच्या तोंडी घातलं, की ती आपल्याला हवं तेच बोलते."

तिसऱ्या खेपेलाही त्यांनी शेळ्यांपासूनच सुरुवात केली. मध्येच मुलगी त्यांना म्हणाली, "तुमाला सांगते. पन आमच्या मॅडमला भाईर बसवा."

वीस वर्षं पोरांकडून उत्तरं काढणारी मी मुकाट्याने उठले आणि दार ओढून घेतलं. व्हरांड्यात बराच वेळ बसले. आतून फक्त त्या मुलीचाच आवाज येत होता.