दोन हेडं आणि एक भाता

माझ्या डाव्या कानाला अजून कमी ऐकू येतं. तो उस्तादाच्या, म्हणजे आमच्या कारखान्याच्या हेडमिस्त्रीच्या, थपडेचा प्रसाद. मंद्रूपहून सोलापुरात येऊन त्याच्या हाताखाली लागलो त्या पहिल्याच वर्षी एक बोल्ट आडवा आवळला म्हणून त्यानं ती दिली. पुढच्या दहा वर्षांत त्यानं मला पान्ह्यानं, पट्ट्यानं, एकदा तर तापलेल्या सळईनं मारलं, आणि इंजिनातलं जे काही मला येतं तेही त्यानंच शिकवलं. मीही काही गरीब गाय नव्हतो. गल्लीत, चहाच्या दुकानात, कुठंही माझा हात आधी चालायचा आणि डोकं मागून यायचं. ताट वाढायचं की आतल्या खोलीत जायचं हे बायको माझ्या पावलांच्या आवाजावरून ठरवायची. हे लिहिताना लाज वाटते, पण आता या वयात खोटं कुणासाठी लिहू?

कारखाना एका कापूसवाल्या शेठचा. जिनाची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीची, ऑईल इंजिनं दुरुस्त करणं हे आमचं रोजचं काम. पण शेठला हिप्परग्याच्या तलावात मोटारबोट पळवायचा नाद लागला. गावातल्या दुसऱ्या एका बड्या असामीचीही बोट होती, आणि दोघांत शर्यत ठरली. शेठच्या बोटीच्या इंजिनासाठी दोन हेडं होती, बसायचं त्यातलं एकच. हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारं बिडाचं जाड झाकण. त्याच्यातल्या वाटांनी हवा आत जाते, आणि हवा जितकी जास्त तितका इंजिनाला जोर जास्त. एक हेड उस्तादानं कानशीनं आतून घासलं, दुसरं मी. उस्तादानं वाटा फारशा रुंद केल्या नाहीत, नुसती वळणं गुळगुळीत केली. मी मात्र कोरत सुटलो. चांगली दोन बोटं जातील एवढं करून ठेवलं.

दोन्ही हेडं बोटीत बसवून बघायची सोय नव्हती. हेडखाली घालायचं तांब्याचं पॅकिंग एकच होतं, आणि ते एकदा आवळलं की चेपून वाया जातं. म्हणून भट्टीच्या भात्यावर निवाडा करायचा ठरलं. भात्याची नळी हेडच्या वाटेत बसवून फटी ओल्या मातीनं लिंपायच्या, हेडची झडप उघडी ठेवायची, भाता पुरता फुगवायचा आणि वरच्या फळीवर दगड ठेवायचा. मग फळी खाली टेकेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाचे झोके शेठनं मोजायचे. ज्या हेडला कमी झोक्यांत फळी टेकली, त्या हेडमधून हवा जास्त जाते.

"जो हरंल त्यानं कारखाना सोडायचा," मी सगळ्यांदेखत म्हणालो. मला हेडमिस्त्री व्हायचं होतं, आणि तो असेपर्यंत ते होणार नव्हतं.

उस्ताद बाजूला थुंकला. "हौ, मंजूर. तू अपना गठुडा बांधके रख."

सकाळी त्याचं हेड लावलं. सतरा झोके. माझं लावणार तोच जिनातून शेठला बोलावणं आलं. तो परतला तेव्हा दुपारचे तीन झाले होते. चैत्रातलं ऊन, वर पत्रा, आत उभं राहवत नव्हतं. माझं हेड लावलं, दगड ठेवला, शेठ मोजू लागला. तेराव्या झोक्याला फळी टेकली.

मी मांडीवर थाप मारून ओरडलो. उस्तादाच्या कपाळावर आठी आली. "फिरसे लगा," तो म्हणाला.

"लावतो की! धा येळा लावतो."

पुन्हा फळी खाली येऊ लागली, तसा उस्ताद पुढं झाला. "ठैर, ठैर रे," म्हणत त्यानं उजवा हात भात्याच्या चामड्यावर ठेवला. माझं टाळकंच फिरलं. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत भाता धरून ठेवतोय, मला हरवायला! हातात मोठा पान्हा होता. तो मी सगळ्या ताकदीनं त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या बहिऱ्या कानातही ऐकू आला.

त्यानं डाव्या हातानं हातोडी उचलली आणि माझ्या खांद्यावर घातली. मी त्याला छातीत लाथ मारली. तो ऐरणीवर कोसळला, कपाळ फुटलं, दाढी रक्तानं भिजली. मी त्याच्या छाताडावर बसलो आणि मारत राहिलो. खरं सांगतो, मला आनंद होत होता. दहा वर्षांची एकेक थप्पड मी परत करत होतो. कारखान्यातल्या तिघांनी मला ओढून काढलं तेव्हा माझ्या मुठीची कातडी सोलली होती.

"तेरा ते तेरा," शेठ म्हणाला. "ठरलं ते ठरलं."

उस्ताद उठला, मोडका हात पोटाशी धरला आणि पडलेली टोपी न उचलता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवायची होती. पेटवण्याआधी भात्याच्या चामड्यावर ओलं फडकं फिरवायचा आमचा रिवाज; ते काम उस्ताद कुणाला करू द्यायचा नाही. आता हेडमिस्त्री मी, म्हणून मी फिरवलं. मग हौस म्हणून माझं हेड पुन्हा लावलं. एकोणीस झोके. माती नीट लिंपली नसेल म्हणून परत लिंपली. एकोणीसच. उस्तादाचं लावलं. सतरा.

मी भात्याच्या ओल्या शिवणींवरून हात फिरवला, आणि सगळं उलगडलं. आदल्या दिवशी सकाळी उस्तादानं चाचणीआधी फडकं फिरवलं होतं, पण भट्टी पेटलीच नाही, म्हणून त्यानंतर भात्याला कुणी पाणी लावलं नव्हतं. दुपारच्या उन्हात चामडं वाळलं, शिवणी उघडल्या आणि निम्मी हवा तिथूनच पळाली. माझ्या हेडमधून ती गेलीच नव्हती; वाटा मी रुंद केल्या, पण वळणं खडबडीत राहिली, तिथं हवा अडखळत होती. उस्तादाचा हात चामड्यावर गेला तो शिवण चाचपायला.

मी त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर बसला होता, हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, एक डोळा सुजून बंद. हाडवैद्यानं सांगितलं होतं की बोटं आता वळायची नाहीत. त्याच्या बायकोनं मला बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

"उस्ताद, भाता वाळला हुता," मी म्हणालो.

"हौ. वोईच बोल रा था मैं."

"मी शेटला सांगतो. तुमीच जितला. मी जातो कारखाना सोडून."

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "बोल जाके," तो म्हणाला. "हाथ वापस आता क्या?"

मी तसाच शेठकडं गेलो आणि सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. शेठनं ऐकून घेतलं, पान तोंडात टाकलं आणि म्हणाला, "मग बोटीला त्याचं हेड बसव. आणि हे बाहेर बोलू नकोस. मोडक्या हाताचा मिस्त्री घेऊन मी काय करू?"

मी मान डोलावली. माझी बोटं धडधाकट होती, आणि त्या क्षणी मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आजतागायत छळतं.

उस्तादाच्या हेडवर शर्यत आम्ही जिंकली. बोट अशी सुटली की बंधाऱ्यावरची माणसं आरडाओरडा करत पाण्याच्या कडेकडेनं धावली. शेठ उतरला तो थेट माझ्याकडं आला आणि स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यानं माझ्या गळ्यात घातला. "ही करामत आमच्या मिस्त्रीची," तो सगळ्यांना सांगू लागला. लोक माझी पाठ थोपटत होते. घरी पोचेपर्यंत मी तो हार गळ्यातून काढला नाही.