राखणीचा वाटा

सुलोचनाबाई कुठल्याही बैठकीला आल्या की आधी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "राखनीले कोन हाय?" बैठक बचत गटाची असो नाहीतर लग्नाच्या बोलणीची, कुणीतरी एकाने दाराशी तोंड बाहेर करून बसल्याशिवाय त्या बोलायला सुरुवात करत नसत. नवखा माणूस गोंधळून जायचा. मीही गेलो होतो. शेतकी खात्यात जन्मभर कारकुनी करून सिंदेवाहीत निवृत्त झालेलो मी. धानाच्या बांधीवर बसतो तो राखणदार, एवढंच मला ठाऊक.

बाईंचं गाव पार जंगलाला लागून. उन्हाळ्यात तिथल्या बाया तेंदूची पानं तोडायला जातात. वाकून पानं तोडणारी बाई वाघाला जनावर वाटते, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. म्हणून पाच-सहा जणींच्या टोळीत एक बाई पानाला हातच लावत नाही. ती काठी घेऊन ताठ उभी राहते, चारी बाजूंना बघते, मधून मधून हाळी देते. पानांचे पुडे बांधून झाले की प्रत्येक जण आपल्यातले काही पुडे तिच्यापुढे ठेवते. तो राखणीचा वाटा. तो आधी निघतो, मग उरलेलं आपलं.

एका वर्षी पानं कमी फुटली. टोळीने ठरवलं, यंदा राखण नको, सगळ्याच तोडू, तेवढाच एक वाटा वाचेल. ठरवणाऱ्यांत सुलोचनाबाई पुढे होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांची धाकटी जाऊ वाघाने नेली. त्याबद्दल बाई फार बोलत नसत. "आवाज बी नाई आला," एवढंच म्हणायच्या आणि दुसऱ्या विषयाकडे वळायच्या.

बाकी बोलायला त्या मुळीच कमी नव्हत्या. नदीच्या घाटावरून रात्रंदिवस रेती उपसून नेणारे टिप्पर त्यांनी बचत गटाच्या बाया रस्त्यावर बसवून अडवले होते. तहसीलदारांना त्या भर कचेरीत म्हणाल्या होत्या की साहेब, नदी तुमच्या सहीनं वाहत नाही. मग जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि बाई अपक्ष उभ्या राहिल्या. गावोगावच्या बायांनी वर्गणी काढली. मला सरकारी कागदाची भाषा येते म्हणून खर्चाची वही माझ्या गळ्यात पडली. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. त्यांना नाही म्हणून आलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

फॉर्म भरल्याला आठवडा झाला नाही तोच बाईंच्या प्रचाराच्या ऑटोची काच फोडली गेली. सीटवर चिठ्ठी होती, घाटाच्या रस्त्यानं गेलीस तर परत येणार नाहीस. पोलिसांकडे अर्ज दिला. अर्ज विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. ती भाषा मी आयुष्यभर लिहीत आलो असल्यामुळे तिचा अर्थ मला पक्का ठाऊक होता.

बाईंनी तेंदूच्या टोळीतल्या चार बाया बोलावल्या आणि धानाच्या रोवणीच्या मजुरीच्या दराने त्यांना सोबत ठेवलं. पैसा प्रचाराच्या वर्गणीतला. विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. लोकांच्या पैशावर बाई अंगरक्षक घेऊन फिरते, असं ते गावोगाव सांगू लागले. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नव्हतं.

एका सभेत मारोतराव नावाचे एक म्हातारे उठले. ते आपल्याच बाजूचे, वर्गणी दिलेले. म्हणाले, "बाई, आमी पैसा देल्ला तो पोस्टराले. जीव तुमचा, तं त्याचा खर्च आमच्यावर काऊन?"

बाई रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. "जीव माझाच हाय, मारोतभाऊ. मी घरी बसली तं मले कोनी हात नाई लावत. तुमच्यासाठी उभी राह्यली म्हनून वाघ मांगं लागला. मंग राखनीचा वाटा कोनाच्या पुड्यातून निंगाव?" मग सगळ्या सभेकडे वळून म्हणाल्या, "एक डाव मी थो वाटा वाचवला हाय. आता नाई वाचवत."

मारोतरावांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले, वाटा घ्या, पण जे आहे ते कागदावर दिसलं पाहिजे. आणि खाली बसले.

चारच दिवसांनी तो वाटा कामी आला. दिवस मावळायच्या सुमारास आम्ही घाटाच्या रस्त्याने येत होतो. वळणावर टिप्पर आडवा लावलेला, पाच-सहा माणसं खाली उभी. त्या चार बाया ऑटो थांबायच्या आतच उतरल्या आणि ऑटोकडे पाठ करून चार दिशांना तोंड करून उभ्या राहिल्या. एक तर रिकाम्या जंगलाकडेच बघत होती. मग बाई उतरल्या आणि त्यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. समोरचा एक जण म्हणाला की बाई, अजून वेळ आहे, घरी बसा. बाई म्हणाल्या, "ह्या चौघी तुमचे तोंडं ध्यानात ठेवून राह्यल्या. आता काय करता ते करा." पाच बाया ताठ उभ्या आहेत आणि त्यांतली एकही हलत नाही, हे त्या माणसांना अपेक्षित नसावं. एकाने कुणालातरी फोन लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि टिप्पर बाजूला झाला. मी ऑटोतून उतरलोच नव्हतो, हे इथे कबूल करतो.

त्यानंतर मला तो खर्च मनापासून पटला. फक्त तो लिहायचा कुठे, हा प्रश्न उरला. छापील तक्त्यात वाहन होतं, मंडप होता, भोंगा होता, चहा-नाश्ता होता; जीव राखण्याचा रकाना नव्हता. मी सुचवलं की चौघींना प्रचारक म्हणून दाखवू, नाहीतर चहा-नाश्त्यात बसवू, सगळेच तसं करतात. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मले मारू पाह्यते हे मी लपवून ठेवू? लाज त्यायले वाटाव का मले?"

मी जसं होतं तसं लिहिलं. विरोधकांनी हरकत घेतली आणि सुनावणी लागली. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. हा वैयक्तिक खर्च दिसतो, निवडणुकीच्या निधीतून कसा करता, असं त्याने विचारलं. मी उमेदवार नसते तर हा खर्च झाला असता का, असं बाईंनी उलट विचारलं. तो नाही म्हणाला. मग वैयक्तिक कसा, असं बाई म्हणाल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्याने नियमांचं पुस्तक बराच वेळ चाळलं. शेवटी तो खर्च 'इतर' या रकान्यात मंजूर केला. बाहेर आल्यावर मला हायसं वाटलं होतं, पण बाई धुसफुसतच होत्या. आपला जीव सरकारने 'इतर'मध्ये टाकला, हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

निवडणूक त्या थोडक्यात हरल्या. मतमोजणीच्या मंडपाबाहेर माझेच डोळे भरून आले. बाई म्हणाल्या, "हारली, मेली तं नाई. चला, भूक लागली." दुसऱ्याच आठवड्यात त्या पुन्हा नदीच्या रस्त्यावर टिप्परांसमोर बसलेल्या होत्या, चौघींसकट. चौघी आता पैसे घेत नव्हत्या.

दोन वर्षांनी बाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. चंद्रपूरच्या दवाखान्यातून त्या हट्टाने घरी परतल्या. मी भेटायला गेलो तेव्हा आवाज पार बसला होता, पण नजर तीच. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "भाऊ, मी बिमारीनं मरून राह्यली. त्यायच्या हातानं नाई. कोनी काई म्हनलं तं सांगजा."

त्या गेल्यावर रेतीवाल्यांनी गावोगाव अफवा सोडून दिली की बाई शेवटी धास्तीनेच गेली. ते खोटं आहे. सुलोचनाबाई आजाराने गेल्या, आपल्या घरात, आपल्या खाटेवर, दिवसाढवळ्या. त्या कुणालाही भ्यायल्या नव्हत्या. मी तिथे होतो.