क्रुसाची दोरी

ओबदुलिया कुआउत्ले साइटवर पाऊल टाकायची तेव्हा परांचीवरचे गवंडी शीळ घालून एकमेकांना सांगायचे, "आली सासू!" तिला ते माहीत होतं आणि चालतही होतं. सासू आली की हेल्मेटं डोक्यावर चढत, एवढ्याशीच तिला मतलब. आधी बरीच वर्षं ती चोलुला गावातल्या साइटींवर तामालेची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या पुडक्यांची, टोपली घेऊन फिरली. कोण कुठल्या फळीवर कसा उभा राहतो, हे तिने तामाले विकता विकता पाहिलं. पुढे एका ठेकेदाराला सुरक्षेसाठी माणूस हवा होता. तिने प्रशिक्षण घेतलं आणि टोपली बहिणीला दिली.

धोका दिसला की काम बंद करायचा अधिकार तिच्याकडे होता. तीन मे रोजी तो अधिकार कुचकामी ठरे, कारण त्या दिवशी काम नसेच. गवंड्यांचा सण. कागदी फुलांनी सजवलेला क्रूस इमारतीच्या सर्वांत उंच टोकावर उभा करायचा, आतषबाजीचे बाण उडवायचे आणि मग मालकाच्या खर्चाने मिरच्यांच्या दाट रश्श्याचा मोले झोडायचा.

यंदाचं उंच टोक म्हणजे पाण्याच्या टाकीचं छत. कठडा अजून बांधायचा होता. क्रूस नेणार होता सगळ्यांत जुना मिस्त्री, फिदेन्सियो शिकाले. पुल्के दारूचा एक पेला त्याने रिचवला होता आणि सुरक्षेचा पट्टा घालायला तो तयार नव्हता.

"बाई, आज काम नाही. सण आहे."

"खालची जमीन सण पाळत नाही, मिस्त्री."

लोक हसले. फिदेन्सियो हसला नाही. "आमच्या देवळात येऊन बघा. मधल्या येशूला खिळे ठोकलेत, बाजूचे दोघे चोर दोरीने बांधलेत. क्रुसापाशी बांधलेला असतो तो चोर. माझा बाप असा कधी गेला नाही, मी जाणार नाही."

"आणि खांद्यावर क्रूस घेतलेला येशू? मिरवणुकीत त्याच्या कमरेला दोरीच असते की!"

"असते. मग पुढे त्याचं काय झालं?"

आता ओबदुलियालाही हसू आलं. पण ते टिकलं नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका साइटवर याच सणाला एक गवंडी वरून पडला होता. घरी निरोप द्यायला तीच गेली होती. दार उघडणाऱ्या त्याच्या बायकोचे हात मसाल्याने भरले होते.

तिने क्रुसाकडे पाहिलं. पुरुषभर उंच, जड लाकूड.

"हा वर कसा नेणार?"

"पाठीवर बांधून. शिडीला दोन्ही हात लागतात."

"वारा बघा. फुलं कशी फडफडतायत. सुटून रस्त्यावर पडला तर?"

क्रूस पडलेल्या साइटवर पुन्हा कुणी पाय ठेवला नसता.

"तुम्हाला नकोच बांधायला," ती म्हणाली. "क्रुसाला बांधू."

ती स्वतः वर जाऊन टाकीच्या खांबाला दोरी अडकवून आली. मग पट्टा उचलला. "हा ओझ्याचा पट्टा. क्रूस पाठीवर याला बांधायचा."

"आणि कडीत अडकवताय ती दोरी?"

"तीही क्रुसाचीच."

इतर दिवशी फिदेन्सियो तोच पट्टा घालून परांचीवर चढायचा. तो हुककडे बघत राहिला.

"क्रुसाची असेल तर ठीक," असं म्हणून त्याने हात वर केले.

तो चढला. छतावर क्रूस सोडवून त्याने खोबणीत उभा केला, तारेने आवळला. खालून एक जण ओरडला, "मिस्त्री, क्रूस तर बसला! आता दोरी कुणाची?"

फिदेन्सियोचा हात मानेमागच्या हुककडे गेला. आता आपण चकार शब्द काढला तर हा सगळ्यांदेखत हुक सोडेल, हे ओबदुलियाने ओळखलं. तिने तोंड मिटून घेतलं. तिला ते जड गेलं.

तो कडेपाशी आला, खाली वाकून पाहिलं. हात हुकवरून निघाला.

"वारा आहे रे!" तो ओरडला. "क्रूस नीट रुतेपर्यंत दोरी राहू द्या!"

दोरी क्रुसाला लागलेलीच नव्हती. ते सगळ्यांना दिसत होतं. कुणीतरी बाण पेटवला.

तो सावकाश उतरला. ओबदुलियाने दोरी सोडवली. पट्टा मात्र त्याने काढला नाही. तो अंगावर तसाच ठेवून तो जेवायला बसला आणि शेजारच्याला म्हणाला, "सरक जरा. आणि मोले इकडे दे."