विनायकरावांचे शेअर

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात सरलाताई राहायच्या. नोकरी केंद्र सरकारची, बोलणं मोजकं, आणि एकदा हो म्हटलं की हो. त्यांचे यजमान विनायकराव मानेसरला गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कंपनीत होते. ते गेले आणि कंपनीनं कामगारांना दिलेले त्यांचे शेअर मागे राहिले. ताईंनी त्यांना कधी हात लावला नाही.

त्या वर्षी त्या शेअरला कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. हातात एकही शेअर नसताना लोक सकाळी तो विकून टाकत, भाव पाडत, आणि बाजार उठायच्या आत स्वस्तात परत घेऊन मधला नफा खिशात घालत. जुन्या कामगारांचा जीव तुटे. शेवटी गणपतीत, आरती झाल्यावर, कंपनीतले निवृत्त फोरमन भाऊसाहेब मखरापुढे उभे राहिले.

"सोमवारी सगळ्यांनी खरेदीला रांग लावायची. भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला नेऊन टेकवायचा. विकायचं मात्र कुणीच नाही! नसलेला माल विकणारे मग परत घेणार कुठून? तडफडू देत. आणि बाहेर ब्र काढायचा नाही, घरच्यांपाशीसुद्धा."

मानेसर, फरीदाबाद, नोएडा, जुन्या कामगारांच्या घरोघरी निरोप गेला. इथे एकेकानं आरतीच्या तबकावर हात ठेवला. ताईंनीही ठेवला.

सोमवारी ताईंनी रजा टाकली. दुपारी भाव वर जाऊन टेकला. विकणारा एक नाही. इतक्यात धाकट्या भावाचा, अविनाशचा, गुडगावहून फोन आला.

"ताई, मेलो यार! भावजींच्या कंपनीचेच शेअर सकाळी विकून बसलोय. परत घ्यायला मिळतच नाहीत. आज मिळाले नाहीत तर उद्या माझ्या नावावर लिलावात घेतील, वाटेल त्या भावानं. नीलाचे दागिने आधीच गहाण आहेत, तिला पत्ताही नाही. भावजींचे विक ना. तेवढ्यात भागतंय माझं."

"जवळ नाही ते विकायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"रोज सगळेच करतात, ताई."

"मग त्या सगळ्यांकडून घे. मी शब्द दिलाय."

त्यांनी फोन ठेवला खरा, पण घरात पाय ठरेना. हिंदूराव इस्पितळात आई गेली, त्या दिवशी हा पोर त्यांच्या शालीचं टोक मुठीत धरून झोपला होता. झोपेतही मूठ सुटली नव्हती. ताई उठत, बसत, पुन्हा मोबाईल उघडत. पडद्यावर घेणाऱ्यांचा आकडा फुगत होता. विकणाऱ्यांच्या जागी शून्य. बाजार उठायला थोडाच अवकाश राहिला, तेव्हा त्यांनी देव्हाऱ्याकडे पाठ केली आणि बटण दाबलं.

क्षणात सगळे शेअर गेले. अडलेला भाऊच ते उचलील, अशी त्यांची भाबडी समजूत. तेवढ्यात मोबाईलवर, जुन्या कामगारांच्या ग्रुपवर, भाऊसाहेबांचा आवाज आला.

"कुणीतरी फितूर झालं! पण घाबरू नका, सगळे माझ्याच पदरात पडलेत. बाजार उघडल्यापासून रांगेत पहिला मीच ना!"

ताईंना आत्ता उमगलं. एकाच भावानं मागणाऱ्यांत आधी आलेल्याला माल मिळतो, अडलेल्याला नाही. अविनाश तर रांगेच्या शेपटाला उभा होता.

दिवेलागणीला त्याचा पुन्हा फोन आला. आवाजात हसू.

"ताई, वाचलो! ब्रोकर म्हणतो, विकायची गरजच नाही. तू आपल्या खात्यातून शेअर सरळ माझ्या खात्यात टाक, मी तेच पुढे देतो. तुझा शब्दही राहतो बघ. आहेत ना?"

ताईंनी देव्हाऱ्याकडे मान वळवली.

"ताई? आहेत ना गं?"

"नाहीत रे. तुझ्यासाठीच विकले."

 पलीकडे लांबून नीलाचा आवाज आला, "कुणाचा फोन आहे?" आणि फोन बंद झाला.